आधी काय, मग काय: दौऱ्यावर निघालेल्या क्वार्टेटचा कार्यक्रम कसा ठरतो

संगीतकार हायडनने १७९३ मध्ये सहा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, लिहिली. ओपस ७१ आणि ओपस ७४ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या कृतीचा क्रमांक) या दोन संचांत ती आज ओळखली जातात. तोवर या प्रकारचं संगीत मुख्यतः घरच्या बैठकीत, मोजक्या जाणकारांपुढे वाजत असे. ही सहा मात्र त्याने लंडनच्या सार्वजनिक मैफली डोळ्यांपुढे ठेवून लिहिली. तिथे तिकीट काढून आलेले पुष्कळ लोक असायचे. गप्पा चाललेल्या, कुणी अजून जागा शोधतंय, कुणाची खुर्ची करकरतेय. म्हणून रचनेच्या तोंडाशीच त्याने चौघांनी मिळून ठासून वाजवायच्या कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) किंवा छोटीशी प्रस्तावना घातली. ओपस ७१ मधल्या तिसऱ्या क्वार्टेटला तर एकच कॉर्ड आहे. ती वाजली की माना वर होतात, कुजबुज थांबते आणि मग मूळ गोष्ट सुरू होते.

आज दौऱ्यावर निघालेल्या चौघांनाही हाच विचार करावा लागतो. समोरची माणसं कुठल्या मनःस्थितीत आली आहेत, त्यांच्या कानात आत्ता काय घुमतंय आणि त्यावर आपण पुढचं काय ठेवणार आहोत? कार्यक्रमपत्रिकेवर आपल्याला तीन नावं एकाखाली एक दिसतात आणि ती नुसती यादी वाटते. पण एखादी रचना कशी ऐकू येईल हे तिच्या शेजारी काय बसवलंय त्यावर बरंचसं ठरतं. म्हणूनच चांगला कार्यक्रम आखणारी माणसं रचना निवडण्यात घालवतात त्याहून जास्त वेळ दोन रचनांमधल्या सांध्यावर घालवतात. हा लेख मुख्यतः त्या सांध्यांबद्दल आहे.

आधी थोडी ओळख. ‘क्वार्टेट’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो वाजवणारे चौघं म्हणजे क्वार्टेट, आणि त्यांच्यासाठी लिहिलेली रचना म्हणजेही क्वार्टेट. अशा रचनांचा साठा अफाट आहे. हायडनची ६८, मोझार्टची २३, बेथोव्हेनची १६ आणि वर एक स्वतंत्र फ्यूग (एका वाद्याने मांडलेली सुरावट बाकीची एकामागून एक उचलतात अशी रचना), शूबर्टची १५, द्वोर्झाकची १४, बार्टोकची ६, शोस्ताकोविचची १५. ही फक्त ठळक नावं झाली. एका संध्याकाळी यातल्या तीन, फार तर चार रचना मावतात. म्हणजे निवडण्यापेक्षा सोडून देण्याचंच काम जास्त.

मिनिटांचा हिशेब

संध्याकाळच्या मैफलीत प्रत्यक्ष संगीत साधारण ७५ ते ८५ मिनिटं असतं. पूर्वार्ध ४० ते ४५ मिनिटांचा, मग १५-२० मिनिटांचं मध्यंतर, मग उत्तरार्ध ३५ ते ४५ मिनिटांचा. एक ओळखीचा कार्यक्रम मांडून बघू. सुरुवातीला हायडनचं ओपस ७६ मधलं पहिलं, जी मेजरमधलं (‘जी’ हा आधारस्वर, मेजर आणि मायनर हे स्वरपट्टीचे दोन प्रकार), सुमारे २३ मिनिटं. त्यानंतर बार्टोकचं चौथं, तेही जवळपास तेवढंच. मध्यंतर. मग शूबर्टचं डी मायनर क्वार्टेट, ‘डेथ अँड द मेडन’ या नावाने सगळे ओळखतात ते, सुमारे ४० मिनिटं. बेरीज ८६. कागदावर हे जेमतेम बसतं.

पण कागदावर न दिसणारीही मिनिटं असतात. मंचावर येणं, टाळ्या, खुर्च्या पुढे-मागे करणं, तारा जुळवणं, उशिरा आलेल्यांना रचनेच्या दोन भागांच्या मधल्या क्षणात आत सोडणं. शिवाय शूबर्टच्या पहिल्या भागात पुनरावृत्तीचं चिन्ह आहे. ते पाळलं तर चार-पाच मिनिटं वाढतात, गाळलं तर वाचतात. पुनरावृत्ती पाळायची की नाही हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचा निर्णय दौरा सुरू होण्याआधी झालेला बरा. कारण आयोजकाला कळवलेल्या वेळेवर सभागृहाचं भाडं, रेडिओवरचं प्रक्षेपण, कर्मचाऱ्यांची सुटी असं बरंच काही अवलंबून असतं. (मॉर्टन फेल्डमनचं १९८३ सालचं दुसरं क्वार्टेट पूर्ण वाजवलं तर सहा तासांपर्यंत जातं. तिथे सांध्याचा प्रश्नच उरत नाही, त्या दिवशी दुसरं काही वाजतच नाही.)

एक दौरा, दोन कार्यक्रम, रचना पाच

दौऱ्याची बोलणी साधारण दीड-दोन वर्षं आधी सुरू होतात. चौघं किंवा त्यांचे व्यवस्थापक त्या हंगामासाठी दोन-तीन कार्यक्रम तयार करून आयोजकांकडे पाठवतात. एकच का नाही? कारण आयोजकाच्या मालिकेत त्या वर्षी आणखी तीन-चार क्वार्टेट येणार असतात, आणि त्यातल्या दोघांनी बेथोव्हेनचं एकच क्वार्टेट आणलं तर वर्गणीदार कुरकुर करतात. शेजारच्या शहरातला आयोजकही असतोच. ठरावीक अंतराच्या आत, ठरावीक दिवसांत हेच लोक दुसरीकडे वाजणार नाहीत, निदान हाच कार्यक्रम घेऊन वाजणार नाहीत, अशी अट करारात असू शकते.

मग प्रत्येक गावाला वेगळा कार्यक्रम का देऊ नये? कारण तालीम. एक मोठी रचना चौघांच्या अंगात मुरायला महिने लागतात. दौऱ्यात पंधरा वेगवेगळ्या रचना घेतल्या तर प्रवास, झोप आणि मैफल यांच्या फटीत त्यांची देखभाल करणं अशक्य होतं. म्हणून जाणती मंडळी रचना वाटून घेतात. समजा २२ दिवसांत १४ मैफली आहेत. कार्यक्रम ‘अ’ म्हणजे वर सांगितलेला: हायडन, बार्टोक, शूबर्ट. कार्यक्रम ‘ब’ मध्ये हायडनचं ओपस ७७ मधलं दुसरं, त्याला लागून आजच्या संगीतकार कॅरोलाइन शॉ यांचं ‘आँत्राक्त’, आणि उत्तरार्धात पुन्हा तेच शूबर्ट. कार्यक्रम दोन झाले, पण रचना पाचच. आयोजकाला निवड मिळाली आणि चौघांचं शूबर्ट चौदाही संध्याकाळी वाजलं.

चौदा वेळा तेच वाजवून कंटाळा येत नाही का, असं लोक विचारतात. मला वाटतं पुनरावृत्तीतच दौऱ्याची खरी कमाई आहे. पहिल्या तीन मैफलींत रचना नीट उभी राहते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कुणीतरी एखादी ओळ जरा सावकाश घेऊन बघतो, बाकीचे तिघं तिथेच त्याला सापडतात, आणि तालमीत कधी न ठरलेली गोष्ट मंचावर घडते. म्हणूनच अनुभवी लोक नव्याने बसवलेली रचना पहिल्यांदा छोट्या सभागृहात ठेवतात आणि सर्वांत महत्त्वाची मैफल दौऱ्याच्या मध्यावर किंवा थोडी पुढे यावी असं बघतात. लांबच्या प्रवासानंतर त्याच संध्याकाळी सर्वांत अवघड कार्यक्रम ठेवणं मात्र शक्यतो टाळावं. विमानात चेलोला स्वतःची वेगळी सीट लागते, पण प्रवासाचा शीण वाजवणाऱ्याच्या खांद्यातच राहतो.

पहिली रचना

सुरुवात हायडनने किंवा मोझार्टने करावी असा रिवाज आहे. कारण विचारलं तर बरेच जण सांगतात, हात मोकळे होतात. हे अर्धंच खरं आहे. हायडन उघडा असतो. चार आवाज, मध्ये भरपूर हवा, आणि एकाचा सूर तीळभर हलला तरी शेवटच्या रांगेत कळतं. हात मोकळे करायला याहून धोक्याची जागा नाही. तेव्हा कुठलं हायडन, हा प्रश्न उरतोच.

दोन उदाहरणं जवळून बघू. दोन्ही एकाच संचातली, ओपस ७६ मधली, १७९७ च्या सुमाराची. चौथ्या क्वार्टेटला ‘सूर्योदय’ म्हणतात. खालचे तिघं हलक्या आवाजात एक कॉर्ड धरून ठेवतात आणि पहिलं व्हायोलिन त्यावरून सावकाश वर चढत जातं. ऐकायला स्वर्ग. पण मंचावर नुकतंच येऊन बसलेल्या माणसाची अवस्था बघा. दिव्यांची ऊब अजून लाकडाला लागलेली नाही, सभागृह आवाज परत देतं की गिळतं याचा अंदाज नाही, उजव्या हातातला गज पहिल्या क्षणी किंचित थरथरतो. आणि ‘सूर्योदया’त लपायला जागा नाही, ती एकच रेघ सगळे ऐकत असतात.

आता त्याच संचातलं पहिलं. चौघं मिळून तीन जोरकस कॉर्ड वाजवतात. सभागृहाचा आवाज लगेच कळतो. मग एकटा चेलो विषय मांडतो, त्याच्याकडून व्हिओला घेते, मग दुसरं व्हायोलिन, मग पहिलं. अर्ध्या मिनिटाच्या आत प्रत्येकाने आपापला सूर त्या जागेत टाकून बघितलेला असतो, आणि श्रोत्यांचीही चौघांशी एकेक करून ओळख झालेली असते. रोज नव्या सभागृहात वाजवायचं असेल तर मी डोळे मिटून हे पहिलं निवडेन आणि ‘सूर्योदय’ कार्यक्रमातल्या दुसऱ्या क्रमांकासाठी किंवा एकाच सभागृहात सलग दोन दिवस असतील तेव्हासाठी राखून ठेवेन.

पहिल्या रचनेचा शेवटही बघावा लागतो. हायडनच्या ओपस ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटला ‘विनोद’ असंच टोपणनाव आहे. शेवटी सुरावटीचे तुकडे पडतात, मध्ये विराम येतात, मग एक लांब विराम, आणि संपलं असं वाटून टाळ्या पडणार तोच पहिली ओळ अगदी हळू आवाजात पुन्हा येते आणि तिथेच थांबते. सभागृह हसतं. आता या हसण्यावर पुढे काय ठेवणार? शोस्ताकोविचचं आठवं ठेवलं तर त्याचा पहिला मंद भाग लोकांच्या चेहऱ्यावरचं हसू विरायच्या आतच सुरू होतो, आणि त्याची दोन-तीन मिनिटं वाया जातात. उलट तीक्ष्ण, चपळ, तालाशी खेळणारं काही ठेवलं तर ते जागे झालेले कान तसेच कामाला येतात.

मधली जागा आणि मध्यंतर

नवं किंवा अनोळखी संगीत दोन ओळखीच्या रचनांच्या मध्ये ठेवायचं, ही जुनी युक्ती आहे. आधी ठेवलं तर लोक उशिरा येतात, शेवटी ठेवलं तर लवकर निघतात, असा तिच्यामागचा व्यवहार. तो चुकीचा नाही. पण यात नव्या रचनेला आपणच औषधाच्या गोळीसारखं वागवतो, आणि श्रोत्यांना ते समजतं. त्यापेक्षा तिला नातेवाईक शोधून द्यावा.

कार्यक्रम ‘ब’ मधली जोडी तशी आहे. कॅरोलाइन शॉ यांनी ‘आँत्राक्त’ २०११ मध्ये लिहिलं, ते ब्रेंटानो क्वार्टेटने वाजवलेलं हायडनचं ओपस ७७ मधलं दुसरं ऐकल्यावर. त्या क्वार्टेटचं मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या चालीचा भाग, एफ मेजरमध्ये आहे, आणि त्याच्या मधल्या तुकड्यात, ट्रिओमध्ये, सूर अचानक डी फ्लॅट मेजरमध्ये सरकतो. सगळं शांत, वेगळ्याच खोलीत आल्यासारखं. शॉ यांची रचना त्या सरकण्यातूनच उगवते. मिन्युएटचाच आकार, पण जमीन पायाखालून हळूहळू निसटत जाते. दोन्ही रचना लागोपाठ वाजल्या की शॉ यांच्याबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही, हायडननेच समजावलेलं असतं. आणि गंमत म्हणजे उलटही घडतं. पुढच्या वेळी ते मिन्युएट ऐकताना डी फ्लॅटची ती चाहूल आधीच अंगावर येते.

अशा नात्यांवर अख्खी मालिका उभी करता येते. डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटने ‘प्रिझम’ या नावाने तेच केलं: बाखचा एक फ्यूग, बेथोव्हेनचं अखेरच्या काळातलं एक क्वार्टेट आणि त्या दोघांचं देणं लागणारी नंतरच्या काळातली एक रचना. त्यातल्या एका कार्यक्रमात बाखचा सी शार्प मायनरमधला फ्यूग, बेथोव्हेनचं ओपस १३१ आणि बार्टोकचं पहिलं एकत्र आहेत. ओपस १३१ सुरू होतं तेच सी शार्प मायनरमधल्या मंद फ्यूगने. बार्टोकच्या पहिल्याची, १९०९ सालच्या, सुरुवातही दोन व्हायोलिनांनी एकमेकांच्या मागे रेंगाळत मंदच होते. तीन शतकांतल्या तीन रचनांमध्ये एकच धागा ऐकू येतो, आणि तो ऐकू येण्यासाठी मंचावरून व्याख्यान द्यावं लागत नाही.

नातं शोधताना एक सापळा असतो, फार जवळचं नातं. दबुसीचं १८९३ चं आणि रावेलचं १९०३ चं क्वार्टेट जोडीने ध्वनिमुद्रित करायची इतकी सवय झाली आहे की मैफलीतही ती दोघं सहज शेजारी येतात. मला ते पटत नाही. रंग इतके जवळचे, की दुसरं सुरू होईपर्यंत कान त्या रंगाला सरावलेले असतात आणि रावेलची चमक अर्धी होते. स्वरांच्या पट्टीचंही तसंच. मोझार्टचं डी मायनर आणि शूबर्टचं डी मायनर एका संध्याकाळी आलं तर दोन थोर रचना मिळून एकच लांब सावली पडते.

आता हातांचं बघू. बार्टोकच्या चौथ्यात पाच भाग आहेत. दुसरा भाग पूर्णपणे म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून, भयंकर वेगात. मधला चेलोच्या लांब गाण्याचा. चौथा पूर्ण बोटांनी छेडून, त्यातही मधूनमधून तार इतकी ओढायची की ती सुटल्यावर खालच्या पट्टीवर आपटून फटकन आवाज यावा. पाचवा भाग म्हणजे गजाने लाकूड तोडल्यासारखा. हे संपल्यावर तारा उतरलेल्या असतात, गजाचे केस तुटलेले असतात, डाव्या हाताची बोटं हुळहुळत असतात आणि उजव्या हाताला जोराची चटक लागलेली असते. याला लागून मोझार्ट ठेवलं तर तो हात मोझार्टला ओरबाडतो. म्हणून बार्टोकनंतर मध्यंतर. श्रोते पाय मोकळे करतात तेवढ्यात आत तारा जुळतात आणि हात निवतात. मध्यंतर हा कार्यक्रमातला सर्वांत मोठा सांधा आहे, आणि तो कुठे पाडायचा हे ठरवण्याचा अधिकार आखणाऱ्याकडे असतो, हे पुष्कळदा विसरलं जातं.

शेवट आणि त्यानंतरची शांतता

उत्तरार्धात एकच मोठी रचना, हा सर्वांत सुरक्षित आराखडा. शूबर्टचं ‘डेथ अँड द मेडन’ तिथे का शोभतं? ते धावत संपतं. दुसऱ्या भागात शूबर्टने आपल्याच १८१७ सालच्या गाण्यावर केलेल्या बदलत्या आवृत्त्या आहेत, तिथे सभागृह श्वास रोखून बसलेलं असतं. शेवटच्या भागातली दौड मग सगळ्यांना घेऊन सुटते आणि लोक उभे राहतात.

शोस्ताकोविचचं आठवं मात्र तसं संपत नाही. जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावी त्याने ते तीन दिवसांत लिहिलं. पाच भाग, मध्ये कुठेही न थांबता, सुमारे २० मिनिटं. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचे चार स्वर सगळीकडे फिरत राहतात आणि शेवटी सगळं विझत जातं. या रचनेनंतरची शांतता तिचाच भाग आहे. ती पूर्वार्धाच्या शेवटी ठेवावी, म्हणजे शांततेनंतर कुणी दुसरं काही वाजवत नाही आणि लोक गप्पपणे बाहेर जातात. पंधरावं त्याहून कठोर: सहा भाग, सहाही मंद. ते संध्याकाळच्या शेवटीच, आणि त्यानंतर काहीही नाही.

बेथोव्हेनच्या ओपस १३० चं प्रकरण यात सर्वांत विलक्षण, कारण तिथे शेवट कुठला हेच वाजवणाऱ्यांनी ठरवायचं असतं. मार्च १८२६ मध्ये ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा शेवटचा भाग म्हणजे एक प्रचंड फ्यूग होता, पंधरा-सोळा मिनिटांचा, खडबडीत, श्रोत्यांना झेपला नाही असा. प्रकाशकाच्या बाजूने सूचना आली आणि बेथोव्हेनने त्याच वर्षी शरद ऋतूत नवा, हलका शेवट लिहून दिला. फ्यूग ओपस १३३ म्हणून वेगळा छापला गेला. आता दोन्ही उपलब्ध आहेत. हलका शेवट घेतला तर संध्याकाळ हसतमुखाने संपते आणि आधीची ‘कावातीना’, तो गाण्यासारखा मंद भाग, डोळ्यांत पाणी आणणारा, लोकांबरोबर घरी जाते. फ्यूग घेतला तर ‘कावातीना’ पुसली जाते, सगळं वजन शेवटावर येतं, आणि पूर्वार्ध त्या मानाने हलका ठेवावा लागतो. माझा कल फ्यूगकडे आहे. पण सलग सात मैफली असतील तर रोज तो चौघांच्या खांद्यांवर लादू नये, एवढं नक्की.

जागा, माणसं, सामान

एकच कार्यक्रम दगडी चर्चमध्ये आणि कोरड्या नाट्यगृहात सारखा वाजत नाही. लंडनचं विगमोर हॉल, १९०१ मध्ये उघडलेलं, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचं, अशा सभागृहांत आवाज दीडेक सेकंद रेंगाळतो आणि क्वार्टेटला ते मापात बसतं. मोठ्या चर्चमध्ये तोच कित्येक सेकंद घुमत राहतो. तिथे बार्टोकचा चौथा भाग म्हणजे नुसता गलका. मात्र बेथोव्हेनच्या ओपस १३२ मधला आजारातून उठल्यावर लिहिलेला कृतज्ञतेचा मंद भाग तिथे असा उमलतो की दुसरीकडे तसा ऐकायला मिळू नये. म्हणून दौऱ्याच्या यादीत चर्च दिसलं की कार्यक्रम ‘अ’ की ‘ब’ हे आयोजकाच्या पसंतीच्या आधी जागेने ठरवावं.

चौघांमधला न्यायही बघावा लागतो. द्वोर्झाकच्या ‘अमेरिकन’मध्ये पहिली धून व्हिओलाची, बेथोव्हेनच्या ओपस ५९ मधल्या पहिल्याची सुरुवात चेलोची, मोझार्टची शेवटची तीन चेलो वाजवणाऱ्या प्रशियाच्या राजासाठी लिहिलेली. तीनही रचनांत पहिलं व्हायोलिनच उजेडात असेल तर संध्याकाळ एकाचीच होते आणि बाकी तिघं महिनाभर साथीला उरतात. एमर्सन क्वार्टेटमध्ये दोन्ही व्हायोलिनवादक पहिल्या खुर्चीवर आलटून पालटून बसत. त्यांच्यासाठी कार्यक्रमातला क्रम म्हणजे खुर्च्यांचाही क्रम होता.

सामानाचं थोडक्यात. जॉर्ज क्रमच्या ‘ब्लॅक एंजल्स’ला (१९७०) ध्वनिवर्धक, पाणी भरून सुरात लावलेले काचेचे पेले आणि घंटेसारख्या धातूच्या मोठ्या थाळ्या लागतात. स्टीव्ह राइखच्या ‘डिफरंट ट्रेन्स’ला (१९८८) ध्वनिमुद्रित पट्टी आणि ती सांभाळणारा तंत्रज्ञ. रचना कितीही आवडती असली तरी १४ गावांत हे सगळं मिळेल का, हे आधी विचारावं. स्वामित्वहक्काचंही तसंच. युरोपीय संघात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क चालतो. त्यामुळे १९४५ मध्ये गेलेला बार्टोक तिथे मोकळा झाला आहे, १९७५ मध्ये गेलेला शोस्ताकोविच २०४५ संपेपर्यंत नाही. वाजवण्याचं शुल्क बहुधा आयोजक भरतो, पण रचनांची नावं आणि मिनिटं त्याला वेळेत कळवावी लागतात.

पाहुणा असेल, म्हणजे शुमान किंवा ब्राम्सच्या पियानो क्विंटेटसाठी (क्विंटेट म्हणजे पाच वाद्यांची रचना) पियानोवादक, किंवा शूबर्टच्या सी मेजर क्विंटेटसाठी दुसरा चेलो, तर त्याच्याबरोबर बरेचदा त्या दिवशीची एकच तालीम मिळते. म्हणून पाहुण्याच्या हातात आधीपासून असलेलीच रचना घ्यावी, आणि ती उत्तरार्धात, म्हणजे पियानो मध्यंतरात पुढे आणता येतो.

स्मृतिवर्षांचा मोह मोठा असतो. २०२५ मध्ये रावेलच्या जन्माची १५० आणि शोस्ताकोविचच्या मृत्यूची ५० वर्षं एकत्र आली. बेथोव्हेन १८२७ मध्ये गेला, शूबर्ट १८२८ मध्ये, तेव्हा २०२७ आणि २०२८ ही त्यांची दोनशे वर्षं. आयोजक मागणी करतात, आणि सगळे जण एकच रचना घेऊन निघतात. अशा वर्षी त्या संगीतकाराची कमी वाजणारी रचना घ्यावी, किंवा त्याचं मोठं काम त्याने ज्याच्याकडून शिकून लिहिलं त्याच्या शेजारी ठेवावं.

एन्कोर, म्हणजे टाळ्या थांबेनात तेव्हा वाजवायचं छोटं काही, सर्वांत शेवटी ठरतं, कधीकधी मंचाच्या कडेला उभं राहून. पुचीनीचं ‘क्रिसान्तेमी’ सहा मिनिटांचं, हुगो वुल्फचं ‘इटालियन सेरेनाड’ सातेक मिनिटांचं, किंवा एखादी लोकधून. शूबर्टच्या त्या दौडीनंतर आणखी वेगवान काही कशाला? पुचीनी बरं. आणि ओपस १३१ किंवा शोस्ताकोविचच्या पंधराव्यानंतर लोकांनी कितीही वेळ टाळ्या वाजवल्या तरी चौघांनी नुसतं वाकून नमस्कार करावा आणि आत जावं.

रात्री हॉटेलवर परतल्यावर एकाने वहीत टिपण करायचं असतं. हायडन २४ मिनिटं, म्हणजे ठरल्यापेक्षा एक जास्त. हायडननंतरच्या टाळ्या लांबल्या, बार्टोक सुरू करायची घाई झाली. मध्यंतर २० नव्हे २५ मिनिटं द्या, व्हिओलाची तार उतरली होती. शूबर्टचा दुसरा भाग सुरू करण्याआधी आणखी थोडं थांबा, मागच्या रांगांत खोकला चालू होता. उद्याच्या गावाला नाट्यगृह आहे, कोरडं. कार्यक्रम ‘अ’च ठेवा, पण ते तीन कॉर्ड किंचित लांब धरा.